प्रश्नोत्तरे : गोधडी टिकते कशाने?

प्रश्न : आमचं घर नागपूरच्या इतवारीत, किराणा ओळीच्या मागच्या गल्लीत. माझ्या आजेसासूबाईंनी हातानं शिवलेली एक गोधडी घरात अजून वापरात आहे. ती चाळीस वर्षांची आहे असं सगळे सांगतात. मी काही वर्षांपासून घरच्या मशीनवर गोधड्या शिवते. वरचं कापड गांधीबागेतून नवं आणते, खाली घरातली जुनी सुती साडी लावते आणि मध्ये बाजारात मिळतो तो पांढरा पॉलिएस्टरचा थर घालते. दिसतात छान. पण दुसऱ्या हिवाळ्यातच खालची साडी शिवणीच्या रेषेत फाटते आणि आतला थर गोळा होतो. त्यांची टिकते, माझी का टिकत नाही? दोरा बदलू की मशीन? — एक वाचक, इतवारी

उत्तर : ताई, दोरा बदलायचाच आहे, पण ते नंतर. आधी आजेसासूबाईंची गोधडी मांडीवर घ्या आणि एका कोपऱ्याला किनारीचे टाके चार बोटं उसवा. भिऊ नका, ते लगेच परत घालता येतात. आता एकेक पदर बाजूला करत आत पाहा. वर बहुधा फुलाफुलांचं पाचवारी पातळ असेल. त्याखाली रंग उडालेलं दुसरं पातळ असेल आणि त्यावर दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याचे तुटके टाके किंवा जुन्या टाक्यांच्या रिकाम्या भोकांची रांग दिसेल. त्याखाली धोतराचा मऊ, पिवळट पडलेला पदर. अगदी आत एखाद्या लुगड्याचा विरलेला तुकडा, बोट लावलं तर सुटून येईल असा. हे सगळं एकाच वर्षी शिवलेलं नाही. वरचा पदर विरला की त्यावर दुसरं पातळ पसरायचं आणि पुन्हा टाके घालायचे, अशी घरोघरची रीत होती. चाळीस वर्षं टिकलेली गोधडी अशी मधूनमधून नवी होत आलेली असते. आणि त्याच काळातल्या ज्या टिकल्या नाहीत त्यांची पायपुसणी आणि पोतेरी होऊन गेली, त्या आज आपल्याला दिसत नाहीत. तेव्हा आपल्या हाताला उगाच बोल लावू नका.

तरीही दुसऱ्याच हिवाळ्यात साडी फाटावी हे बरोबर नाही, आणि तुम्ही जे लिहिलं आहे त्यातच त्याची कारणं आहेत.

साडी शिवणीच्या रेषेतच फाटते, ही खूण महत्त्वाची. घरच्या मशीनचा टाका नेहमी दोन-अडीच मिलिमीटरवर ठेवलेला असतो. म्हणजे एका इंचात दहा-बारा भोकं. वीस वेळा धुतलेल्या साडीवर अशी भोकांची सरळ रेघ पाडली की ती टपाल तिकिटांच्या पानासारखी नेमकी त्या रेघेत सुटते. हातानं घातलेल्या धावदोऱ्यात इंचाला चार-पाचच भोकं असतात, आणि तीही अगदी एका ओळीत नसतात. दुसरं असं की मशीनचा वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकून बसतो, तो जागचा हलत नाही. गोधडीचं एक टोक पोरानं ओढलं, दुसऱ्यावर कोणी बसलं होतं, तर सगळा ताण त्या दोन-तीन टाक्यांवर येतो. धावदोरा एकच असतो, पदरांमधून थोडा पुढेमागे सरकतो आणि ओढ हातभर लांबीत वाटून देतो. जुनी गोधडी अंगावर घेतली की ती शरीराप्रमाणे वळते आणि मशीनची ताठ उभी राहते, तेही याच कारणानं.

आता दोरा. शिंप्याकडचा आजचा दोरा पॉलिएस्टरचा, हातानं तुटता तुटत नाही. ड्रेसच्या शिवणीला तो उत्तम. पण गोधडीत दोरा कापडापेक्षा कमजोर असायला हवा. ताण असह्य झाला की काहीतरी तुटणारच. दोरा तुटला तर सुई घेऊन पाच मिनिटांत दुरुस्ती होते, कापड फाटलं तर ठिगळ लागतं. जुन्या बायका विरलेल्या लुगड्याच्या काठातून सूत काढून दोन-तीन पदरी पीळ घालत आणि त्यानंच शिवत. काटकसर तर त्यात होतीच, पण दोरा आणि कापड एकाच ताकदीचे राहत, हा त्यातला मोठा फायदा. तुम्ही साधा सुती दोरा दोन पदरी करून घ्या, तेवढं पुरे.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं, कारण आजच्या नव्या गोधड्यांपैकी बऱ्याच त्यातच जातात. तुमच्या गोधडीत तीन वेगवेगळ्या स्वभावाची कापडं एकत्र बांधली गेली आहेत. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं. सहा फूट लांबीवर हे दोन ते साडेतीन इंच होतात. खालची जुनी साडी जेवढी आटायची तेवढी कधीच आटून गेली. मधला पॉलिएस्टरचा थर आटतच नाही. पहिल्या धुण्यात वरचं कापड ओढतं, खालचं जागेवर राहतं आणि सगळा भार सर्वांत विरलेल्या पदरावर पडतो. नव्या पॉपलीनच्या जोडीला जुनी साडी लावणं म्हणजे साडीला हरवण्याचीच व्यवस्था. एका गोधडीच्या दोन्ही तोंडांना साधारण सारख्या वयाचं, सारख्या वजनाचं कापड असावं. नवं वापरायचंच असेल तर ते रात्रभर पाण्यात भिजत घाला, चोळून खळ काढा, उन्हात वाळवा, इस्त्री करा आणि मगच कात्री लावा. खळ राहिली तर आणखी एक नुकसान होतं. कसर खळीच्या मागे येते आणि कापड खाऊन जाते. गडद लाल, निळ्या कापडावर ओलं पांढरं फडकं दाबून पाहा. रंग फडक्याला लागला तर ते कापड वेगळं धुऊन घ्या, नाहीतर गोधडीत घालूच नका.

आणि तो पांढरा थर काढून टाका. तो सैल तंतूंचा असतो. टाक्यांच्या ओळी दोन-तीन इंचांपेक्षा लांब पडल्या की धुताना तंतू एकमेकांत गुंततात आणि गोळे होतात. परदेशात क्विल्ट करणाऱ्या बायका हा थर घेताना टाक्यांमधलं जास्तीत जास्त अंतर वेष्टनावर वाचून घेतात. आपल्याकडे तो तागा फाडून मीटरवर विकला जातो, कोणी काही सांगत नाही. गोधडीला मुळात वेगळ्या भरणाची गरजच नाही. कापडाचेच पाच ते सात पदर म्हणजे तिचं अंग. त्यात गोळा होण्यासारखं काही नसतं, म्हणून ती धुता येते. रजईचा संसार निराळा. तिच्यात कापूस भरलेला असतो, टाके लांब लांब असतात, ती धुवायची नसते. काही वर्षांनी खोळ उसवून कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायचा आणि पुन्हा भरायचा. तुम्ही रजईचं भरण घेऊन गोधडीसारखं धुतलंत, एवढाच घोळ झाला आहे.

घरातल्या जुन्या साड्यांत सुती कोणती आणि भेसळीची कोणती हे हाताला कळत नसेल तर काठाचा एक दोरा उपसून काडीनं पेटवा. सुती दोरा कागद जळल्याच्या वासानं जळतो आणि त्याची मऊ राख बोटात चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. केस जळल्यासारखा वास आला तर ते रेशीम किंवा लोकर. मणी झालेली साडी गोधडीत घालू नका. ती घाम टिपत नाही, आटत नाही आणि शेकोटीजवळ ठिणगी पडली तर अंगाला चिकटते.

शिवताना सगळ्यात विरलेलं कापड मध्ये घाला, बरं कापड दोन्ही तोंडांना. पदर जमिनीवर पसरून मधून बाहेर अशा कच्च्या टाक्यांच्या लांब ओळी घाला, म्हणजे सुरकुत्या कडेकडे निघून जातात. मग पक्का धावदोरा किनारीपासून सुरू करून आत आत नेत चला. दोन ओळींत एक बोट, फार तर दोन बोटं अंतर. मध्यावर पोचेपर्यंत कंटाळा येतो आणि ओळी विरळ होऊ लागतात, तिथेच सांभाळा. अंगाखाली सगळ्यात जास्त घासला जातो तो मधलाच भाग.

किनारीपासून आत शिवत जाण्याची ही पद्धत आपल्या शेजारीही आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात, तीही कडेनं सुरू होऊन मध्यावर संपते. कापडाचे तुकडे त्या आधी जोडून घेत नाहीत. टाके पुढे सरकतील तसे एकेक तुकडा लावत जातात आणि चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी कापडाची फुलं लावल्याशिवाय काम पुरं झालं असं मानत नाहीत. जपानच्या उत्तरेला, आओमोरीच्या थंड मुलखात कापूस पिकतच नव्हता. तिथे शेतकरी बायकांनी चिंधीवर चिंधी लावून पिढ्यान् पिढ्या जपलेल्या कापडांना बोरो म्हणतात. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज् बेंड या कृष्णवर्णीयांच्या खेड्यात कामाच्या फाटक्या पँटींच्या गोधड्या होत. 2002 मध्ये त्या ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि जगानं त्यांना चित्रांचा मान दिला. आपल्या बाजूच्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी पुस्तक केलं आहे, ते मिळालं तर जरूर पाहा.

आओमोरीत कापूस नव्हता म्हणून चिंध्या जपल्या गेल्या. आपण तर कापसाच्या मुलखात राहतो. वऱ्हाड आणि वर्ध्याचं खोरं पांढरं होतं, हिंगणघाटचा बनी कापूस दूरवर नावाजलेला होता, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला आली ती याच कापसाच्या ओढीनं, आणि 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. तरी शेतकऱ्याच्या आणि गिरणी कामगाराच्या घरात पांघरूण झालं ते जुन्या लुगड्याचंच. शेतातला कापूस हा रोकडा होता. तो गाडीत भरून जिनिंगला जायचा, अंथरुणासाठी घरी उरायचा नाही. म्हणून विदर्भातली गोधडी मला फार मोलाची वाटते. जिनं कापूस वेचला तिनं तो स्वतःसाठी ठेवला नाही आणि तरीही घरातल्या प्रत्येकाला ऊब दिली.

प्रश्न : माझी शिवणाची खोली माडीवर आहे, दहा बाय आठ फूट. एकच खिडकी, पायाचं जुनं काळं मशीन, एक कपाट आणि भरपूर कापड. मोठ्या हाताचं, खास क्विल्टिंगचं मशीन घ्यावं असं मनात आहे. घरचे म्हणतात आधी खोली नीट कर. काय करू? — वाचक, मस्कासाथ, इतवारी

उत्तर : घरचे बरोबर सांगतात. चौकटीवर चालणाऱ्या मोठ्या मशीनला दहा-बारा फूट लांब चौकट लागते, ती तुमच्या खोलीत आडवीही बसणार नाही. टेबलावर बसणारी मोठ्या हाताची मशीनं असतात, पण गोधडीचे सगळे पदर मशीननं शिवू नयेत हे वर लिहिलंच आहे. तुमच्या काळ्या मशीनच्या सुईपासून उभ्या खांबापर्यंत साधारण सात इंच जागा असते. पाच फूट रुंद गोधडीचा अर्धा भाग त्यातून गुंडाळून न्यायचा म्हणजे हाताला आणि मानेला जाच. तेव्हा मशीनवर तुकडे जोडा, किनार बसवा, दुपटी शिवा, आणि मोठ्या गोधडीचे पदर जमिनीवर बसून हातानं बांधा. या कामाला तुमचं मशीन आयुष्यभर पुरेल. नव्या मशीनचा पैसा सध्या तरी खर्चू नका.

खोलीत पहिली सुधारणा उजेडाची. शिवणाच्या मशीनची सुई डाव्या हाताला असते, म्हणून खिडकी डावीकडे येईल असं मशीन फिरवा. उजवीकडून उजेड आला तर आपल्याच हाताची सावली सुईवर पडते. इतवारीतल्या जुन्या घरांत भिंतीला भिंत लागून असते, दुपारनंतर उजेड उरत नाही. त्यासाठी मशीनच्या हाताच्या आतल्या बाजूला एक लहान पांढरा एलईडी दिवा चिकटवा. छताचा मोठा दिवा कितीही तेज असला तरी सुईखाली अंधारच ठेवतो.

पायाच्या मशीनचा एक गुण आजच्या सुटसुटीत मशीनना नाही. त्याचा तळ लाकडी फळीत बसवलेला असतो, त्यामुळे कापड एकाच पातळीवर सरकतं. फक्त डावीकडे आणि मागे त्याच उंचीचं एखादं स्टूल किंवा फळी लावा. गोधडी खाली लोंबली की तिचं वजन सुईला ओढतं, सुई किंचित वाकते आणि टाके सुटायला लागतात. बायका मग दोऱ्याचा ताण फिरवत बसतात, दोष मात्र लोंबणाऱ्या कापडाचा असतो. दोन-तीन पदर एकदम शिवताना वरचं कापड मागे राहून चुण्या पडत असतील, तर त्याचं कारण खालचे दाते. ते फक्त तळचा पदर पुढे ढकलतात. वॉकिंग फूट नावाचा जोड मिळतो, तो वरचं कापडही त्याच चालीनं पुढे नेतो. घेताना मशीनचा जुना फूट काढून दुकानात न्या आणि मापाला लावून पाहा.

तुकडे जोडताना शिवण सरळ येत नाही ही तुमची दुसरी अडचण असणार, सगळ्यांचीच असते. सुईपासून अर्धा इंच उजवीकडे मोजा आणि तिथे मशीनच्या तळावर चिकटपट्टीचे पाच-सहा पदर एकावर एक चिकटवा. छोटा बांध तयार होतो. कापडाची कड त्याला टेकवून चालवली की शिवण इकडेतिकडे जात नाही. नव्या कापडाला पाव इंच सोडलं तरी चालतं, जुन्या साडीला अर्धा इंच सोडाच. सुई नेहमीच्या सुतीला 14 नंबर, जाड पदरांना 16. एक गोधडी झाली की सुई बदला. सुई बोथट झाली की कापडातून जाताना टक-टक आवाज येतो, तो आवाज आला की थांबायचं. जुन्या सुती कापडाचा भुसा फार निघतो. दर दोन-तीन बॉबिन संपल्या की तळाची पट्टी उघडून ब्रशनं भुसा काढा आणि तेलाच्या भोकांत एकेकच थेंब सोडा. मग टाकाऊ चिंधीवर थोडं शिवून घ्या, म्हणजे तेलाचा डाग चांगल्या कापडावर येणार नाही.

कापडाचं कपाट आज रंगानं लावलेलं असेल. ते ताकदीनं लावा. हा सल्ला मी सगळ्यांना देते आणि करून पाहिल्यावर कोणी पुन्हा रंगाकडे वळलेलं मी पाहिलं नाही. प्रत्येक कापड खिडकीपुढे धरा. उजेड सारखा येतो की कुठे विरलेल्या जागी जास्त येतो ते पाहा. मग दोन अंगठ्यांमध्ये धरून आधी लांबीत, मग पन्ह्यात ओढा. न कुरकुरता ताण घेतला तर ते तोंडाला. ताण घेतला पण पातळ झालं असेल तर मधल्या पदरांना. ओढताच चर्र आवाज आला तर त्याला गोधडीत घेऊ नका, पुसायला ठेवा. असे तीन कप्पे केले की निम्मं कापड आपोआप घराबाहेर जातं आणि दहा बाय आठची खोली मोठी होते.

तुकड्यांची नक्षी मांडून बघायला भिंतीवर जुनी फ्लॅनेलची चादर ताणून लावा. सुती तुकडा तिला टाचणीशिवाय धरून राहतो. दोन दिवस येता-जाता बघितलं की कुठला रंग खटकतो ते डोळ्यालाच कळतं. पदर पसरायला जमीन लागते, तेवढी माडीवर मोकळी नसेल तर खालच्या बैठकीत पसरा. फरशीच्या सांध्यांच्या सरळ रेषांना कापडाची कड जुळवली की गोधडी तिरकी होत नाही. चार कोपऱ्यांवर खलबत्ता, वरवंटा, वजनं, जे हाताशी असेल ते ठेवा आणि मगच कच्चे टाके घाला.

एक इशारा नागपूरच्या उन्हाळ्याचा. कूलरचा झोत मशीनवर घेऊ नका. दमट हवेनं सुया, टाचण्या, शटल गंजतात आणि गंजलेली सुई पांढऱ्या कापडावर न निघणारा डाग सोडते. सुया खोचायच्या उशीत लोकरीचा तुकडा भरा, लोकरीच्या अंगच्या स्निग्धपणानं सुया गंजत नाहीत. मशीन झाकायला प्लास्टिक नको, सुती कापड घ्या.

प्रश्न : ब्लँकेटपेक्षा गोधडीच जास्त उबदार वाटते. हा खरंच गुण आहे की मनाची समजूत? — वाचक, जगनाथ बुधवारी

उत्तर : गुण आहे, पण त्याचं कारण कापडाची जाडी नाही. ऊब देते ती अडकलेली हवा. पाच-सात पदरांमध्ये पातळ पातळ हवेचे थर राहतात, ते हलत नाहीत आणि शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. गोधडी जड असते आणि अंगाला लागून बसते, त्यामुळे कडेनं गार हवा शिरत नाही. लोकरीचं चांगलं ब्लँकेट त्याच वजनात तिला मागे टाकेल हेही खरं. नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांवर उतरला होता. तसल्या रात्री दोन्ही लागतात, गोधडी अंगाला लावून आणि ब्लँकेट वरून. टाके फार दाट घातले तर पदर दाबले जातात, हवा कमी होते आणि ऊब घटते. म्हणून बोटाच्या आतलं अंतर नको. लहान बाळाला मात्र दुपटं खाली अंथरा. जड गोधडी तान्ह्या बाळाच्या अंगावर टाकू नका, ती तोंडावर सरकण्याचा धोका असतो.

प्रश्न : आईची चार नागपुरी लुगडी ट्रंकेत आहेत. ठेवून ठेवून घडीवर विरत चालली आहेत. गोधडी करावी असं वाटतं, पण कात्री लावायला हात धजत नाही. — एक वाचक, इतवारी

उत्तर : कात्री लावूच नका. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. ते लांबीत दोनदा दुमडलं की पावणेसात फुटाचे चार पदर होतात, एका माणसाला पुरेल एवढ्या लांबीचे. जुन्या लुगड्याचा पन्हा बहुधा पावणेचार फुटांच्या आसपास असतो, म्हणजे रुंदीही पुरते. अशी दोन लुगडी एकावर एक ठेवली तर आठ पदर, एकही काप न देता. विरलेलं आत घाला, बरं बाहेर. दोन्ही बाजूंचे काठ आपोआप गोधडीची किनार होतात, वेगळी पट्टी लागत नाही.

त्याआधी चारही लुगडी उजेडासमोर उघडा. नागपूर, उमरेड, भिवापूर, पवनीच्या कोष्ट्यांनी हातमागावर विणलेली, रेशमी काठाची लुगडी आता विणणारे हात फार कमी उरले आहेत. एखादं धड असेल तर त्याची गोधडी करू नका. ते धुऊन, खळ काढून, बिनरंगी सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि दर पावसाळ्याआधी घडीची जागा बदला. घडी एकाच रेषेत वर्षानुवर्षं राहिली की सूत तिथेच तुटतं, तुमच्या लुगड्यांना झालंय तेच. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत दमट हवा कोंडते. वाळलेला कडुलिंबाचा पाला कापडात बांधून शेजारी ठेवला तर चालेल, पानं लुगड्याला थेट टेकू देऊ नका.

जी फाटली आहेत त्यांची गोधडी निश्चिंत मनानं करा. ती वर्षातून एकदा, एप्रिल-मे महिन्यात धुवा, म्हणजे नागपूरच्या उन्हात सगळे पदर एका दिवसात कोरडे होतील. पावसाळ्यात धुतली तर आतला पदर ओला राहतो आणि बुरशी धरतो. कोमट पाणी, साधा साबण, पिळू नका, नुसती दाबा. गच्चीवर उलटी वाळत घाला, रंग उन्हानं उडतो.

आणि एक विनंती, सगळ्याच वाचकांना. आपल्या घरांतल्या गोधड्या कोणी शिवल्या हे बहुतेक ठिकाणी दोन पिढ्यांनंतर कोणालाच सांगता येत नाही. यंदा जी शिवाल तिच्या एका कोपऱ्यात, मागच्या बाजूला, सुती पट्टीवर रंगीत दोऱ्यानं तीन गोष्टी टाक्यांनी लिहा : लुगडं कोणाचं, गोधडी कोणी शिवली आणि साल.